फिकीर आणि फिक्र

श्रीगोंद्यात मगरिबची नमाज आटोपली की माणसे थोडा वेळ मशिदीबाहेर रेंगाळतात. कुणी चपला शोधत असतो, कुणी गाडीची किल्ली. त्या दहा मिनिटांत सगळ्या गावाची फिकीर कानावर येते. कुकडीचे आवर्तन कधी सुटणार, लिंबाला आज काय भाव निघाला, उसाचे बिल खात्यावर पडले का, पोरीच्या सासरहून काही निरोप आला का, पुण्याला नोकरीसाठी गेलेल्या पोराला खोली मिळाली की नाव ऐकून घरमालकाने पुन्हा नकार दिला. नुकतीच सगळ्यांनी खांद्याला खांदा लावून नमाज अदा केलेली असते, आणि तरीही चेहऱ्यांवरचा ताण उतरलेला दिसत नाही.

आमचीही गत निराळी नाही. एकदा सलाम फेरताना आमच्या ध्यानात आले की दोन रकाती झाल्या की तीन, हेच आम्हाला आठवत नाही. इमामाच्या मागे उभे होतो म्हणून निभावले. शरीर सफमध्ये होते, मन मात्र बँकेच्या हप्त्यापाशी उभे होते. घरी येऊन हे सांगितले तेव्हा अम्मी हसून म्हणाली, ‘‘बेटा, नमाज तू पढलास की हप्त्याने पढली?’’ प्रश्न थट्टेचा होता, पण तो आमच्या मनातून गेला नाही. आजचे लिखाण त्या प्रश्नाचेच आहे.

आधी एका शब्दाविषयी बोलू. फिकीर हा शब्द आपण मराठीत काळजी, चिंता या अर्थाने वापरतो. ‘फिकीर करू नकोस’ हे वाक्य मराठी घरांत, मग ते हिंदूचे असो की मुसलमानाचे, रोज बोलले जाते. मूळ अरबीत मात्र फिक्र म्हणजे विचार, चिंतन. सूफी मंडळी जिक्र आणि फिक्र ही जोडी नेहमी एकत्र उच्चारतात. जिक्र म्हणजे अल्लाहचे स्मरण आणि फिक्र म्हणजे शांतपणे, एका जागी मन ठेवून केलेला विचार. प्रवासात शब्दांचे अर्थ बदलतात, तसा हाही बदलला. परंतु या बदलात आपल्या रोजच्या जगण्याची कहाणीही दडली आहे असे आम्हाला वाटते. जो विचार एका जागी थांबतो, एका प्रश्नाकडे नीट पाहतो आणि मग उठतो, ते चिंतन. तोच विचार घाण्याच्या बैलासारखा त्याच वर्तुळात फिरू लागला की ती चिंता. दोन्हींचा कच्चा माल एकच आहे. म्हणून ‘फिकीर सोडून द्या’ हा सल्ला निरर्थक ठरतो. सोडून देता येत असती तर कुणी धरून ठेवली असती? फिकिरीचे पुन्हा फिक्रमध्ये रूपांतर करता येते का, हा खरा प्रश्न आहे.

सध्या मनःशांतीचा बाजार तेजीत आहे. ध्यानाची शिबिरे आहेत, मोबाइलवर श्वास मोजून देणारी अ‍ॅप्स आहेत, कंपन्यांत कामगारांसाठी तणावमुक्तीचे वर्ग आहेत. यातले सगळेच उथळ आहे असे नाही. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्यांनी त्रासलेल्या रुग्णांसाठी एक अभ्यासक्रम सुरू केला. श्वासाकडे, शरीराकडे आणि चालू क्षणाकडे सजगपणे पाहायला तो शिकवीत असे. पुढे तो जगभर पसरला. आपल्याजवळचे उदाहरण म्हणजे नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी. ब्रह्मदेशात वाढलेले व्यापारी सत्यनारायण गोएंका १९६९ साली भारतात आले आणि विपश्यनेची शिबिरे घेऊ लागले. इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र सत्तरच्या दशकात उभे राहिले. तेथील दहा दिवसांच्या मौन शिबिरांत सर्व धर्मांचे लोक बसत आले आहेत.

या विषयावर आपल्या समाजात दोन प्रतिक्रिया हमखास ऐकू येतात. पहिली अशी, की ध्यान, योग ही दुसऱ्यांची उपासना. तिच्याशी आपला संबंध नाही. दुसरी अशी, की हे सगळे आपल्या नमाजमध्ये आधीच आहे. नवे काही शिकण्याची गरज नाही. पहिली प्रतिक्रिया भीतीतून येते, दुसरी अभिमानातून. आणि दोन्ही मुद्द्याला बगल देतात. दुसऱ्यांच्या उपासनेतील मंत्र वा मूर्ती स्वीकारायची की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे आणि तो आम्ही हलका मानत नाही. पण आपला श्वास आत जातो आणि बाहेर येतो याकडे लक्ष देणे ही कोणत्याही एका धर्माची मालमत्ता असू शकत नाही. नमाजमध्ये हे सारे आहे, हेही खरे. कुरआनने यशस्वी मोमिनांची ओळख सांगताना त्यांच्या नमाजमधील खुशूअ, म्हणजे विनम्र एकाग्रता, आवर्जून सांगितली आहे. याचाच अर्थ नमाज आहे पण खुशूअ नाही, अशी अवस्था संभवते. नुसते ‘आमच्याकडे आहे’ म्हणून भागत नाही. विहीर आपली असली तरी पोहरा सोडावाच लागतो.

आणि विहीर तर आपल्या दाराशी आहे. श्रीगोंदे, म्हणजे जुने चांभारगोंदे, हे शेख महंमदांचे गाव. मूळचे ते बीड जिल्ह्यातील वाहिऱ्याचे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि सतराव्याच्या पूर्वार्धात ते होऊन गेले. कादरी परंपरेशी नाते सांगणारे चांद बोधले त्यांचे गुरू मानले जातात. त्याच चांद बोधल्यांना परंपरा एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांचेही गुरू मानते. छत्रपती शिवाजीमहाराजांचे आजोबा मालोजी भोसले यांनी शेख महंमदांना श्रीगोंद्यात मठासाठी जागा दिली, असे परंपरा सांगते. वा. सी. बेंद्रे यांनी त्यांचे वाङ्मय संपादित करून छापले आणि रा. चिं. ढेरे यांनी मुसलमान मराठी संतकवींवरील पुस्तकात त्यांना मानाचे पान दिले, म्हणून आज आपण त्यांना वाचू शकतो.

त्यांच्या मुख्य ग्रंथाचे नाव ‘योगसंग्राम’. या नावापाशी आम्ही नेहमी थबकतो. एका मुसलमानाने मराठीत ग्रंथ लिहावा, त्याच्या नावात ‘योग’ हा शब्द घालावा, आणि त्याला शांती, सुख, विसावा यांपैकी कशाचीही जोड न देता ‘संग्राम’ जोडावा! ग्रंथात लढाई आहे ती माणसाच्या आतली. काम, क्रोध, लोभ, अहंकार यांच्याशी आत्म्याने करायचे युद्ध हे त्याचे रूपक. सूफी परंपरा ज्याला नफ्सशी झुंज म्हणते, तीच ही. त्यांच्या आणखी एका रचनेचे नाव ‘पवनविजय’. वारा म्हणजे श्वास, त्यावरचा विजय. श्वासावरील हे लक्ष सूफींना परके नव्हतेच. नक्शबंदी सूफींच्या तत्त्वांत ‘होश दर दम’, म्हणजे दर श्वासागणिक सावध राहणे, हे एक तत्त्व आहे. चिश्तींच्या साधनेत ‘पास-ए-अन्फास’, म्हणजे श्वासांवर पहारा, हा शब्द आहे. ग्वाल्हेरचे सूफी मुहंमद गौस यांनी योग्यांच्या श्वाससाधनेवरील ग्रंथ फार्सीत ‘बहर-उल-हयात’ या नावाने आणला. त्यांचा मृत्यू १५६३ सालचा. ही माणसे आपल्या श्रद्धेत डळमळीत होती म्हणून शेजाऱ्याकडून शिकली असे नाही. श्रद्धा पक्की होती, म्हणून शिकायला घाबरली नाहीत.

आता चांद बोधल्यांच्या दुसऱ्या शिष्याकडे वळू. जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर अधिकारी होते. एकनाथ त्यांच्याकडे राहून हिशेब लिहीत. एके दिवशी एका पैची चूक लागेना. एकनाथांनी दिवा लावून रात्रभर कागद धुंडाळले, आणि पहाटे चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवली, अशी कथा सांगतात. ती पाहून गुरूंनी म्हटले की एका पैसाठी जे चित्त इतके लागले, ते ईश्वराकडे लागले तर काय होईल! या कथेत आम्हाला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. एकनाथांची एकाग्रता गुहेत सापडली नाही, ती जमाखर्चाच्या वहीत सापडली. लक्ष देण्याची शक्ती एकच असते. ती आपल्याला रोजच्या कामातच कमवावी लागते.

आणि ‘हिशेब’ हा शब्द तर पुन्हा अरबीच. त्याच शब्दापासून मुहासबा, म्हणजे स्वतःचा हिशेब घेणे, हा शब्द झाला. नवव्या शतकात बगदादेत होऊन गेलेल्या हारिस मुहासिबी यांचे नावच या सवयीवरून पडले. पुढे इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी ‘इह्या’ या ग्रंथात या विषयावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि त्यात दृष्टान्त घेतला तो व्यापाऱ्याचा. आपली बुद्धी हा व्यापारी आणि नफ्स हा त्याचा भागीदार. सकाळी भागीदाराबरोबर अटी ठरवाव्यात, दिवसभर त्याच्यावर नजर ठेवावी, संध्याकाळी त्याच्याकडून हिशेब घ्यावा. दिवसभराच्या या नजरेलाच मुराकबा म्हणतात. आमच्या बाजारातील लिंबाच्या व्यापाऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. भागीदारावर विसंबून दुकान सोडून गेले की काय होते ते त्याला ठाऊक आहे. योगायोग पाहा, गोएंकांना विपश्यना शिकवणारे सयाजी ऊ बा खिन हेही ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल होते. हिशेबनिसांना ध्यानाचे मर्म लवकर कळत असावे!

हे रोजच्या जगण्यात कसे उतरावे? आम्ही गेली काही वर्षे जे करून पाहिले ते सांगतो. उपदेश म्हणून नव्हे. वजू करताना आम्ही बोलणे बंद केले. पाणी हातावर पडते तेव्हा ते थंड आहे की कोमट एवढेच पाहायचे. सलाम फेरल्यावर लगेच न उठता तस्बीहचे ३३, ३३ आणि ३४ हे आकडे सावकाश पूर्ण करायचे. मन मध्येच हप्त्याकडे गेले तर रागावायचे नाही, बोट पुढच्या मण्यावर ठेवायचे. रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे दिवसाचा हिशेब: आज कुणावर उगाच ओरडलो, कोणत्या गोष्टीला घाबरलो, त्यातले खरे किती आणि मनाने रचलेले किती. याने आमचे कर्ज फिटले नाही. पण एक फरक पडला. पूर्वी दहा चिंता एकदम अंगावर येत. आता त्या एकेक करून येतात. आणि एकेक करून आल्या की त्यांतल्या सहा-सात आपल्या हातातल्या नाहीत, दोन उद्यासाठीच्या आहेत, आणि एकीसाठी आजच उठून कुणाला तरी फोन करायला हवा, हे दिसू लागते. एवढ्यालाच आम्ही फिक्र म्हणतो.

येथे वाचकांपैकी कुणी तरी आम्हाला अडवावे अशी आमची इच्छा आहे. कारण आक्षेप मोठा आहे. तो असा: आपल्या माणसांचा ताण काय नुसता मनाचा आहे? पाणी वेळेवर आले नाही तर पीक खरोखर जळते. नाव पाहून खोली नाकारली जाते ती खरोखर नाकारली जाते. अशा माणसाला डोळे मिटून श्वास मोजायला सांगणे म्हणजे त्याच्या न्याय्य संतापाला झोपेचे औषध देणे नव्हे काय? एखाद्या कारखान्यात दोघांचे काम एकाकडून करून घ्यायचे आणि मग त्यालाच तणावमुक्तीच्या वर्गाला बसवायचे, हा प्रकार आपण पाहतो. दुखणे व्यवस्थेचे आणि औषध मात्र कामगाराच्या मनाला!

हा आक्षेप आम्ही पूर्णपणे मान्य करतो. इतकेच नव्हे, तर तो आपल्या घरांतही लागू करतो. मोहल्ल्यात एखादी मुलगी सासरचा मार खाऊन माहेरी येते आणि चार बुजुर्ग तिला म्हणतात, ‘‘सब्र कर.’’ सब्र हा आपल्या धर्मातील थोर शब्द, पण तो येथे कुलपासारखा वापरला जातो. ज्याला मार बसत नाही तो दुसऱ्याला सब्र शिकवतो. अशा वेळी कुरआनातील सब्रची उदाहरणे तरी आठवावीत. हजरत अय्यूब यांना कुरआन साबिर म्हणते. त्यांनी आपले दुःख रबपुढे स्पष्ट शब्दांत मांडले होते. हजरत याकूब यांनी सुंदर सब्रचा उच्चार केला, आणि पुत्राच्या विरहात रडून रडून त्यांचे डोळे पांढरे झाले. पैगंबरसाहेबांच्या डोळ्यांतून लहानग्या इब्राहीमच्या मृत्यूवेळी अश्रू वाहिले. म्हणजे सब्र म्हणजे दुःख नाकारणे नव्हे, तोंड बंद ठेवणे तर नव्हेच नव्हे. दुःखात असतानाही आपला तोल आणि आपली दिशा न सोडणे, एवढाच त्याचा अर्थ आम्हाला लागतो. त्या मुलीला शांत मन हवे आहे ते मार सोसण्यासाठी नव्हे. ते हवे आहे वकिलाकडे जाताना, जबानी देताना, लेकराला शाळेत घालताना.

एका माणसाने पैगंबरसाहेबांना विचारले होते की उंट बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू की मोकळा सोडून? आधी बांध, मग भरवसा ठेव, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले. ही हदीस तिर्मिजीत आहे आणि तिच्यात या प्रश्नाचा अर्धा निकाल लागतो. ध्यान म्हणजे उंट न बांधण्याची सबब होता कामा नये. उरलेला अर्धा भाग असा, की हात थरथरत असतील तर गाठही नीट बसत नाही.

शेख महंमदांनी आपल्या ग्रंथाला ‘संग्राम’ का म्हटले, हे आम्हाला येथे उमजते. त्यांचा काळ सुखाचा नव्हता. निजामशाही मोडकळीस येत होती, मोगलांच्या स्वाऱ्या होत होत्या, १६३०च्या सुमाराचा भीषण दुष्काळ याच मुलखाने पाहिला. अशा काळात आत पाहणारा माणूस पळपुटा असतो असे नाही. शेख महंमदांनी ढोंगी गुरूंवर आणि ढोंगी फकिरांवर, दोघांवरही टीका केली. दोन्हीकडचा रोष पत्करायला जे मन लागते, ते आतली लढाई लढल्याशिवाय तयार होत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. काही दुखणी जिक्रनेही बरी होत नाहीत आणि श्वास मोजूनही होत नाहीत. दहाव्या शतकातील अबू जैद बल्खी यांनी शरीराच्या आरोग्याबरोबर मनाच्या आरोग्यावर लिहिले, आणि ज्या उदासीला कारण आहे ती वेगळी व जिला दिसणारे कारण नाही ती वेगळी, असा भेद केला. दुसरीसाठी शरीराचे औषधोपचार लागतात, हे त्यांनी हजार वर्षांपूर्वी मानले. आपण मात्र आजही झोप उडालेल्या, जीव नकोसा झालेल्या माणसाला दर्ग्यांच्या चौकटींवर फिरवत राहतो. त्याला डॉक्टरकडे न्यावे. सरकारने २०२२ साली टेलि-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. फोन उचलणे हेही उंट बांधणेच आहे.

शेवटी पुन्हा गावाकडे येतो. शेख महंमदांच्या स्थळाला मंदिर म्हणायचे की दर्गा, यावरून अलीकडच्या वर्षांत श्रीगोंद्यात वाद पेटला. त्याचा निवाडा ज्यांनी करायचा ते करतील. आम्ही येथे बाजू घेण्यासाठी लिहीत नाही. पण अशा दिवसांत मोबाइलवर एकामागून एक संदेश येतात, प्रत्येक संदेश आधीच्याहून जळजळीत असतो, आणि अंगठा पुढे पाठवण्याच्या बटणावर जातो, तो क्षण आम्ही अनुभवला आहे. राग आला असता उभे असाल तर बसा, बसूनही गेला नाही तर आडवे व्हा, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. लहानपणी आम्हाला ती मुलांसाठीची गोष्ट वाटे. त्या रात्री आम्ही फोन पालथा ठेवला आणि खरोखर आडवे झालो. छातीत धडधड होत होती, ती मोजत राहिलो. थोड्या वेळाने राग ओसरला आणि त्याखाली दुसरेच काही सापडले. ती भीती होती. आपल्या गावात आपण परके ठरू की काय, ही भीती. रागाला उत्तर म्हणून संदेश पुढे पाठवता येतो. भीतीला ते उत्तर पुरत नाही. तिच्यासाठी सकाळी उठून शेजारच्या वारकरी मित्राच्या घरी चहाला जावे लागते. आम्ही गेलो. त्यांनी दार उघडले तेव्हा त्यांच्याही चेहऱ्यावर रात्रीचे जागरण दिसत होते. दोघांनाही एकच गोष्ट झोपू देत नव्हती, आणि रात्रभर ती एकमेकांना सांगता आली नव्हती.

हजरत पैगंबर हिराच्या गुहेत एकांतात बसत. पण वह्यी आल्यावर ते गुहेतून खाली उतरले, आणि मग बाजारात, घरात, लोकांत राहिले. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांचा एतिकाफही ईदच्या दिवशी माणसांच्या गळाभेटीत संपतो. बसायचे ते उठण्यासाठी. कोणतेही ध्यान खरे की खोटे, याची पारख आम्ही आता एवढ्यावरच करतो, की त्यावरून उठलेला माणूस कुठे जातो.

अम्मीच्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे आजही पूर्ण तयार नाही. अजून कित्येकदा नमाज हप्ताच पढतो. पण हल्ली तो सफमध्ये येऊन उभा राहिला की आम्हाला कळते, आणि त्याला थोडे बाजूला सरकवून आम्ही आपली जागा घेतो.